एकक सांगा, मगच आत या

आमच्या लॅबमधल्या सरांविषयी कोणी चांगलं बोललं की मला राग येतो, आणि वाईट बोललं की त्याहून जास्त येतो. चांगलं बोलणाऱ्यांना ते कधी कळलेच नव्हते. आणि वाईट बोलायचा हक्क फक्त माझा आहे, कारण शेजारच्या खुर्चीत बसून त्यांना सोसलं ते मी.

लॅब म्हणजे फार काही डोळ्यांपुढे आणू नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. पुढे माग, मागे सूत रंगवायचं खातं आणि त्याच्यावर पत्र्याची एक खोली. त्या खोलीत मालकांनी एसी बसवला होता. आमच्यासाठी नव्हे, मशीनसाठी. हे मशीन कापडाच्या तुकड्यावर उजेड टाकतं आणि जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत कुठला उजेड किती परत आला ते आकड्यांत सांगतं. त्या आकड्यांची रेघ काढली की तो त्या कापडाचा वर्णपट, म्हणजे आमच्या भाषेत स्पेक्ट्रम. गिऱ्हाईक त्याला हव्या त्या रंगाचा स्पेक्ट्रम पाठवतं. आपल्याकडचे तीन-चार रंग किती किती मिसळले की आपली रेघ त्याच्या रेघेवर बसेल, ते आपण शोधायचं. ही रेघ बसवणं म्हणजे फिट. ते करून देणारा प्रोग्रॅम मशीनवाली कंपनी वेगळा विकत होती. मालक म्हणाले, "मशिन घेतलं की. आता त्याचं डोकंबी मीच इकत घेऊ व्हय?" आणि डोकं म्हणून त्यांनी सरांना आणून बसवलं.

सर त्याआधी कॉलेजात तासावर भौतिकशास्त्र शिकवायचे, आणि त्याच्याही आधी ताऱ्यांच्या उजेडावर संशोधन करायचे. ताऱ्याचा स्पेक्ट्रम काय आणि टॉवेलचा काय, ते प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहायचे त्या पायथनला दोन्ही सारखेच, असं त्यांचं म्हणणं. "तारा फक्त दोरीवर वाळत घालता येत नाही," असं वर म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. त्यांच्या विनोदाला दुसरं कोणी हसल्याचं मला आठवत नाही.

भौतिकशास्त्राचे मास्तर म्हटले की 'पाच काय? पाच आंबे?' असं विचारून पोरांचा जीव नकोसा करणारा माणूस तुमच्या डोळ्यांपुढे येईल. सर तसले नव्हते. तसले असते तर निदान समजायला सोपे गेले असते. माणसांत वावरताना सरांइतका अघळपघळ गृहस्थ मी पाहिला नाही. "आलोच" म्हणून बाहेर पडले की आमचे डबे खाऊन झाल्यावर उगवायचे. घर कुठं विचारलं तर "सात रस्त्याजवळच की" म्हणायचे. एकदा ते आजारी असताना मी औषध द्यायला गेले, तेव्हा हे 'जवळच' म्हणजे दोन रिक्षा आणि एक भांडण, हे कळलं. चहात साखर घालायला चमचा घेत नसत, बरणीच तिरकी करत. शर्टाचं एक बटण कायम भलत्याच घरात. मी दाखवून दिलं तर म्हणायचे, "अंगाला बसलाय ना, मॅडम? मग झालं. आयुष्यात अंदाज चालतो."

चालत नव्हता तो त्यांच्या प्रोग्रॅममध्ये. तिथं त्यांचं सोवळं इतकं कडक की एखादा पुजारीसुद्धा बिचकला असता. प्रत्येक आकड्यानं आपलं एकक सांगायचं. उजेडाची लांबी असेल तर नॅनोमीटर की अँगस्ट्रॉम, रंगाचं माप असेल तर सुताच्या वजनाचे टक्के की लिटरमागे ग्रॅम. नुसता आकडा टाकला की पडद्यावर शुद्ध मराठीत यायचं: 'आपण कोणाच्या घरचे? एकक सांगा, मगच आत या.' मालकांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "आवो, ह्ये मशिन मलाच घर इचारायलंय!"

या सोवळ्याचं कारण सरांच्या मते पायथनमध्येच होतं. फिट करणारं जे तयार फंक्शन मिळतं, त्याला फक्त नुसते आकडे कळतात. एककासकट आकडा दिला तर ते एकतर दार आपटतं, नाहीतर गुपचूप एकक काढून ठेवतं आणि कोणाला पत्ता लागू देत नाही. म्हणून सर आधी सगळ्या आकड्यांना एका मापात आणायचे, एककं उतरवून बाजूला ठेवायचे, फिट करायचे आणि उत्तर बाहेर आलं की ज्याचं त्याला परत घालायचे. "देवळात जाताना चपला काढतो तसं आहे, मॅडम. काढायला हरकत नाही. बाहेर येताना दुसऱ्याच्या घालून येऊ नये, एवढंच. सगळ्यांचं लक्ष देवाकडं असतं, मी आपला चपलांपाशी उभा." हे ते मला आठवड्यातून एकदा तरी सांगायचे, आणि दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखं.

मी नवी होते तेव्हा एकदा आनंदानं ओरडले होते, "सर, फिट काय सुंदर आलंय!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्यासमोर लाच घेतली होती. "फिटला डोळे नसतात. नॅनोमीटर म्हणा, अँगस्ट्रॉम म्हणा, रेघेवर रेघ तितकीच देखणी बसते. चुकतो तो खालचा आकडा, आणि तिकडं कोणी बघत नाही. रूपावर भाळू नका." या एका मतापायी त्यांची पीएचडी गेली होती. त्यांच्या गाइडनी एका शोधनिबंधात ताऱ्याच्या रेघेची रुंदी एका एककात काढली आणि दुसऱ्या एककाच्या नावानं छापली. सरांनी दाखवून दिलं. गाइड म्हणाले, फिट किती सुंदर आलंय ते बघा. सरांनी ते पुन्हा दाखवून दिलं, यावेळी परिसंवादाला आलेल्या पाहुण्यांसमोर. तिसऱ्यांदा दाखवायची वेळच आली नाही.

आता वाटेल की असा माणूस कारखान्याच्या काय कामाचा. आम्हालाही तेच वाटायचं. आमच्या रंगखात्यात सगळा कारभार नुसत्या आकड्यांवर चालायचा. मरून रंग असला की 'दोन मारा,' एवढंच बोलायचं. दोन काय, हे कोणी विचारत नसे, कारण विचारायची गरजच नव्हती. एक किलो सुताला दहा लिटर पाणी, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. या हिशोबात सुताच्या वजनाच्या दोन टक्के रंग घ्या की लिटरमागे दोन ग्रॅम घ्या, रंग वीस ग्रॅमच पडतो. कोणी टक्के समजून टाकत होता, कोणी ग्रॅम समजून, आणि टॉवेल एकाच रंगाचे निघत होते. असला सुखी संसार चाललेला असताना सरांच्या प्रोग्रॅमनं 'दोन' घ्यायचं नाकारलं. खालून निरोप आला, "दोन म्हंजी दोन. सरास्नी म्हनावं, चष्मा पुसा." सर आठवडाभर वाद घालत राहिले. मी रंगखात्याच्या बाजूनं होते, जसं कुठलंही शहाणं माणूस असतं.

मग मालकांनी पाणी कमी पिणारं नवं यंत्र आणलं. किलोला सहा लिटर. खात्यानं नेहमीप्रमाणे लिटरमागे दोन ग्रॅम टाकले, म्हणजे वीसच्या जागी बारा, आणि मरून टॉवेल दोन-चार वर्षं वापरून धुतल्यासारखे बाहेर आले. मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "नवं टॉवेल जुनं हुऊन भायेर आलं की वो!" सर मोठ्या मनाचे असते तर गप्प बसले असते. ते महिनाभर सांगत सुटले. मालकांना, खात्याला, माल न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्याला, गेटवरच्या वॉचमनला. बरोबर असणं माणसाला किती असह्य बनवू शकतं, ते मी तेव्हा जवळून पाहिलं. त्यामुळे पुढे सरांचं घोडं अडलं तेव्हा त्यांची दया कोणालाच आली नाही.

अडलं ते असं. काही आकड्यांना एककच नसतं. आमच्या कामात असे दोन. कापडानं शंभरातला किती उजेड परत दिला, हा एक. हा मोठा झाला की कापड फिकं. रंगानं उजेड किती पिऊन टाकला त्याचा दुसरा; हा मोठा झाला की कापड गडद. दोन्हींत ना ग्रॅम ना मीटर. पायथनच्या लेखी दोन्ही नुसते आकडे, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा घातला तरी ते हूं की चूं करत नाही. सरांना हे सहन होईना. त्यांनी दोघांसाठी आपल्या मनानं दोन एककं तयार केली, 'परत' आणि 'प्यायला', आणि प्रोग्रॅममध्ये बसवून टाकली. जगात कुठल्याही पुस्तकात नसलेली ही एककं आम्ही मुकाट्यानं टाइप करायचो. पाच परत. पाच प्यायला. बाहेरच्या माणसानं ऐकलं असतं तर आम्ही गुत्ता चालवतो असंच म्हणाला असता.

त्या दिवाळीआधी एका मोठ्या परदेशी गिऱ्हाइकाचा नमुना करायचा होता. मालकांनी आधीच सांगून ठेवलं होतं: हा रंग पास झाला तर लॅब राहील, नाहीतर मशीन विकायचं आणि नमुने पूर्वीसारखे बाहेरून करून आणायचे. लॅब गेली की मी मंद्रूपला घरी. घरी माझी वाट बघणारे पुष्कळ होते, त्यात माझ्या काकूंच्या भावाचा मुलगा पहिला. शहरात खोली घेऊन राहणं, कोणी 'मॅडम' म्हणणं, रंगखात्यातल्या माणसांनी माझी सही होईपर्यंत हात आवरणं, हे सगळं त्या पत्र्याच्या खोलीवर उभं होतं. सरांना हे माहीत होतं. त्यांच्या डब्यातलं खाताना मीच सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी मुंबईच्या एजंटाकडून फाइल आली. करड्या रंगाचा स्पेक्ट्रम. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळीकडे पाचच्या आसपास आकडे, आणि वर नाव-गाव काही नाही. रंगीत टॉवेल असता तर काळजी नव्हती. परत आणि प्यायला यांच्या रेघांत डोंगराच्या जागी दरी येते, आंधळ्यालाही कळतं. करड्याची रेघ सपाट. पाच परत म्हटलं तर कोळशाचा करडा, पाच प्यायला म्हटलं तर त्याच्याहून एक पायरी फिका. दोन्ही चांगले, दोन्ही विकले जाणारे, सख्ख्या बहिणी शोभतील असे. एजंटानं व्हॉट्सॲपवर फोटोही पाठवला होता. तो मालकांच्या फोनवर गडद दिसत होता आणि माझ्या फोनवर फिका.

सरांनी एजंटाला फोन लावला. "हे आकडे कसले आहेत?"

"कसले म्हणजे? शेडचे."

"ते झालं. पण एकक?"

"अहो सर, फाइल जशी आली तशी फॉरवर्ड केली. तिकडचं ऑफिस आता सोमवारीच उघडणार," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

सरांनी सुचवलं की दोन्ही करडे पाठवून देऊ, त्यांना हवा तो ते निवडतील. यापेक्षा सोपा मार्ग नव्हता. पण मालकांनी गिऱ्हाइकाला मोठ्या तोंडानं सांगितलं होतं की आमची लॅब कॉम्प्युटरवर चालते, एका फटक्यात रंग बसतो, दुसरा नमुना लागतच नाही. "दोन धाडल्यावर त्यांस्नी काय वाटंल? ह्यांला कळंना म्हून दोन धाडलं. इज्जत ऱ्हाईल का आपली?" सात रस्त्याचं कुरिअर संध्याकाळी निघायचं. सूत रंगवून, वाळवून, विणून तोवर हातात यायला हवं होतं.

"मी अंदाजानं एकक टाकणार नाही," सर म्हणाले.

"आवो, टाका की कायतरी! लई झालं तुमचं. दोन्हीबी करडंच हाय न्हवं?"

"एक आपला आहे, एक आपला नाही. कुठला ते माहीत नाही. माहीत नसलेलं मी मशीनला माहीत आहे म्हणून सांगू?"

मालकांचा आवाज चढला. "मग आज नमुना न्हाय गेला तर सोमवारपास्नं लॅबला कुलूप. मॅडमला सांगा दुसरं बगायला." हे ते माझ्यासमोर, पण माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

मी मनातल्या मनात सरांना इतक्या शिव्या दिल्या की आज लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. एका माणसाच्या तत्त्वासाठी दुसऱ्या माणसानं काकूंच्या भाच्याशी लग्न करावं, हा कुठला न्याय? मी बीकर धुवायला घेतले. धुतलेलेच होते ते. मागे नमुन्यांचा खण उघडल्याचा आवाज आला.

मग सर म्हणाले, "तुला कुठला आवडतो गं?"

त्यांनी मला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. मी वळून पाहिलं. त्यांनी जुन्या नमुन्यांतले दोन करडे तुकडे काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते.

"गडद," मी म्हणाले. "डाग दिसत नाहीत."

ते पुढे वाकले आणि टाइप केलं: परत. प्रोग्रॅमनं लगेच त्यांनाच उलट विचारलं, 'कोणी सांगितलं?' हा प्रश्नही त्यांनीच घालून ठेवला होता. मला वाटलं आता अडतील. त्यांनी 'मी' असं टाइप केलं आणि बटण दाबलं. फिट आलं. रेघेवर रेघ अशी बसली की दोन आहेत हे ओळखू येईना. सरांनी त्या चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली जाऊन रंगखात्यात बसून राहिले, सूत वाळेपर्यंत.

त्यानंतरच्या दिवसांत सर वेळेवर यायला लागले. यावरूनच मला त्यांची काळजी वाटायला हवी होती. मशीनचं लायसन्स, फॅनचा आवाज, माझं स्पेलिंग, सगळ्यावर चिडायचे. फोन वाजला की दोघंही दचकायचो.

नमुना पास झाला. गडदच हवा होता त्यांना.

मालक पेढे घेऊन वर आले. पहिला पेढा सरांच्या तोंडात कोंबत म्हणाले, "बगा सर! उगा एवढं ताणून धरलं. अंदाजानं झालंच का न्हाय? आता हितनं फुडं असंच करायचं बगा." सरांना बोलता येईना, तोंडात पेढा होता. मी हसत होते. माझी खोली राहिली, पगार राहिला, काकूंचा भाचा टळला; मी हसणार नाही तर काय करणार? मालक गेल्यावर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नापास व्हावं असं मला वाटत नव्हतं हं," ते म्हणाले. "तुझी नोकरी होती. पण नापास झालं असतं तर मालकांशी भांडता तरी आलं असतं. अंदाज केला म्हणून चुकलं, असं ओरडून सांगितलं असतं. आता काय सांगू? बरोबर आलं. बरोबर आलेल्या अंदाजाशी कोण भांडणार?"

"सर, पण लॅब वाचली ना," मी म्हणाले.

"वाचली. आता हिला माझं काय काम? अंदाज करायला माझा पगार कशाला?"

मला वाटलं, नेहमीचं बोलणं आहे, उद्या विसरतील. महिनाअखेरीला ते खरंच गेले. निरोप समारंभ झाला नाही, कारण मालकांना ते पगारवाढीसाठी रुसलेत असं वाटत होतं आणि ते परत येण्याची वाट बघत होते. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाला मी रोज मनात शिव्या घातल्या, त्यानं माझ्यासाठी त्याच्याजवळ होती नव्हती ती एकच गोष्ट मोडली होती, आणि त्याबद्दल आभार मानायला मला शब्द सापडेना. 'सर, माझ्यासाठी तुम्ही चुकीचं वागलात, थँक्यू,' असं कसं म्हणायचं?

लॅब आता चांगली चालते. दोन नव्या मुली आल्यात, एसी दुसरा बसवलाय. एजंट अजूनही नाव-गाव नसलेल्या फाइली पाठवतो. अशी फाइल आली आणि आम्ही अडलो की मालक जिन्यातूनच ओरडतात, "सरांच्या पद्धतीनं मारा की!" सरांची पद्धत म्हणजे अंदाज. आमच्या कारखान्यात आता त्याला दुसरा शब्दच नाही. अंदाज फसला की रंगखात्याचं चुकलं, लागला की सरांची पद्धत. नव्या मुलींना वाटतं, सर म्हणजे कोणी सिद्धपुरुष होते, नुसतं बघून माप सांगायचे, त्यांना मोजायला काही लागायचंच नाही. मी एकदा समजावून सांगायला गेले. मालक मध्येच म्हणाले, "आवो मॅडम, तुमीच हुता की शेजारी! त्यांनी अंदाजानंच केलं का न्हाय?" त्यांनी अंदाजानंच केलं होतं.

गेल्या महिन्यात सर सात रस्त्यावर भेटले. शर्टाची सगळी बटणं आपापल्या घरात होती. म्हातारपण येतंय असं वाटलं. अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतात म्हणाले. माझी चौकशी केली, लॅब चालू आहे ऐकून मान हलवली, आणि रस्ता ओलांडता ओलांडता थांबून विचारलं, "आमची आठवण निघते का कधी तिकडं?"

"रोज निघते, सर," मी म्हणाले.

इतके खूश झाले की मला चहा पाजल्याशिवाय सोडेनात.